जुना मिलिटरी नर्स युनिफॉर्म: खरा आहे का, कुणाचा आहे आणि कुठल्या सालचा

जुना नर्स युनिफॉर्म हातात आला की लोक आधी साल विचारतात, पण त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ही वस्तू मिलिटरीची आहे तरी का. ‘दुसऱ्या महायुद्धातली आर्मी नर्स’ असं लिहून जे विकायला येतं त्यातलं कितीतरी सामान फौजेच्या आसपाससुद्धा गेलेलं नसतं, आणि विकणारा दरवेळी फसवतच असतो असं पण नाही, बऱ्याचदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं. आजीच्या ट्रंकेत निघालं, फोटो त्याच काळातला वाटतोय, झालं, आर्मी नर्स. म्हणून आधी मिलिटरी का सिव्हिलियन ते बघा, मग देश आणि सर्व्हिस, आणि साल सगळ्यात शेवटी. साल काढताना माझा एकच नियम आहे, कपड्यातली सगळ्यात नवीन मूळ गोष्ट साल ठरवते, सगळ्यात जुनी नाही. १९४३ ची बटणं घेऊन १९५५ मध्ये कोट शिवता येतो, पण १९५५ चा धागा घेऊन १९४३ मध्ये शिवता येत नाही. ‘मूळ’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण उसवलेलं पुन्हा शिवलं, बटण बदललं, चेन बदलली हे सगळं नंतरचं असू शकतं आणि ते धरून चालत नाही.

आधी केप घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे

गडद निळी लोकरीची केप, आतून लाल अस्तर. ही बघितली की सगळ्यांना आर्मीच आठवते. अमेरिकेत नर्सिंग स्कूलच्या मुली अशाच केप घालायच्या, हजारोंनी बनल्या आणि टिकल्याही हजारोंनी, त्यामुळे बाजारात दिसणारी केप बहुतेक वेळा कुठल्यातरी हॉस्पिटलच्या ट्रेनिंग स्कूलची असते. ओळखायचं कसं, तर कॉलर बघा. उभ्या कॉलरवर दोन्ही बाजूंना भरतकामात अक्षरं असतील, म्हणजे शाळेची किंवा हॉस्पिटलची आद्याक्षरं, तर विषय संपला, ती सिव्हिलियन आहे. अक्षरं नंतर कुणी काढून टाकली असतील तर तिथे टाक्यांची भोकं आणि न विटलेला गडद ठसा राहतो, उजेडात तिरकं धरून बघा. आर्मी नर्स कोअरच्या केपचं अस्तर मरून असतं, भडक लाल नाही, कारण मरून हा अमेरिकन आर्मीच्या मेडिकल डिपार्टमेंटचा रंग आहे. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, ऐंशी वर्षांत भडक लाल पण उतरून मरूनसारखा दिसायला लागतो, म्हणून अस्तराचा असा भाग शोधा जो उजेडात कधी आलाच नाही, खिशाच्या आत किंवा शिवणीच्या घडीत, आणि तिथला रंग बघा.

केपनंतर नंबर लागतो कॅडेट नर्सचा. राखाडी सूट, खांद्यावर लाल पट्ट्या, डाव्या बाहीवर लाल जमिनीवर चंदेरी माल्टीज क्रॉस आणि डोक्याला राखाडी बेरे कॅप. हा यूएस कॅडेट नर्स कोअरचा युनिफॉर्म, दिसायला अगदी फौजी, पण ही योजना पब्लिक हेल्थ सर्व्हिसची होती. ती ज्याने सुरू झाली तो बोल्टन कायदा जून १९४३ मध्ये झाला, युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये नवीन भरती बंद झाली आणि १९४८ पर्यंत योजना गुंडाळली गेली. म्हणजे साल काढायला हा सगळ्यात सोपा युनिफॉर्म आहे, पाच वर्षांची खिडकी, बाहेर काहीच नाही. मात्र त्याला आर्मी नर्स म्हणून विकलं तर ते चूक.

रेडक्रॉसचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे कारण पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या बऱ्याच नर्स रेडक्रॉसमार्फतच आर्मीत गेल्या, त्यामुळे एकाच बाईच्या सामानात दोन्हीकडच्या वस्तू सापडणं नॉर्मल आहे. रेडक्रॉस नर्सच्या पिनला मागे नंबर असतो आणि तो नंबर एका व्यक्तीचा असतो, हे फार कामाचं, तो जपून उतरवून ठेवा. पांढऱ्या ब्लाउजवर निळा पिनाफोर एप्रन असेल तर ती व्हॉलंटियर नर्सेस एड, प्रशिक्षित नर्स नाही. ब्रिटनमध्ये हेच कन्फ्युजन व्हीएडी बायकांचं, १९०९ मध्ये सुरू झालेली स्वयंसेवी पथकं: ब्रिटिश रेडक्रॉसच्या निळा ड्रेस घालायच्या आणि पांढऱ्या एप्रनच्या छातीवर लाल क्रॉस, सेंट जॉन अॅम्ब्युलन्सवाल्या राखाडी ड्रेस घालायच्या. मोठा लाल क्रॉस छातीवर दिसला की लोक मिलिटरी समजतात, उलट मला तर तो क्रॉस दिसला की आधी व्हीएडीच आठवते, कारण रेग्युलर मिलिटरी सिस्टरच्या ड्रेसवर छातीभर क्रॉस नसायचा.

आता कपडा उलटा करा

बाहेरून जे दिसतं ते सगळं बदलता येतं, आत काय आहे ते बदलायला कुणी सहसा जात नाही. खिशांच्या आत, कमरपट्टीच्या आत, मानेच्या मागे, बाहीच्या अस्तरात, सगळीकडे लेबल शोधा. अमेरिकन सरकारी लेबल बहुतेक वेळा पांढऱ्या कापडावर छापलेलं असतं, धुऊन धुऊन पुसट झालेलं असतं, मोबाइलचा कॅमेरा लावून कॉन्ट्रास्ट वाढवला तर बरंच वाचता येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या कॉन्ट्रॅक्ट नंबरात सुरुवातीला डब्ल्यू हे अक्षर, म्हणजे वॉर डिपार्टमेंट, आणि मध्ये क्यूएम, म्हणजे क्वार्टरमास्टर, फौजेला सामान पुरवणारं खातं. फिलाडेल्फिया क्वार्टरमास्टर डेपोचं नाव खूप ठिकाणी दिसेल आणि नशीब चांगलं असेल तर तारीख सरळ छापलेली असते. १९४७ मध्ये वॉर डिपार्टमेंट गेलं, त्यानंतरच्या आर्मीच्या कॉन्ट्रॅक्टला सुरुवातीला डीए, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ द आर्मी, लागलं. पुढे डिफेन्स सप्लाय एजन्सी आली, म्हणून १९६० च्या दशकात लेबलवर डीएसए यायला लागलं, आणि पुढे डीएसए-१०० नंतर दोन आकडे दिसले तर ते म्हणजे वर्ष. १९७७ मध्ये एजन्सीचं नाव बदललं, तेव्हापासून डीएलए.

यात एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते दोन आकडे सरकारी आर्थिक वर्षाचे आहेत आणि अमेरिकेचं आर्थिक वर्ष १९७६ पर्यंत १ जुलैला सुरू व्हायचं, म्हणजे ६८ लिहिलंय तर ऑर्डर जुलै १९६७ ते जून १९६८ मधली. आणि ती तारीख कॉन्ट्रॅक्टची आहे, कपडा अंगावर कधी चढला त्याची नाही, गोदामात माल वर्षानुवर्षं पडून असायचा. त्यामुळे लेबल सांगतं की याच्या आधीचा नाही, याच्या नंतर कितीही.

स्टॉक नंबरचे आकडे मोजा. ११ आकडे असतील तर जुना फेडरल स्टॉक नंबर, १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंतचा, १३ आकडे असतील तर सप्टेंबर १९७४ नंतरचा नॅशनल स्टॉक नंबर. आणि पहिले चार आकडे ८४१० असतील तर तो बायकांच्या वरच्या कपड्यांचा वर्ग आहे, ८४०५ असतील तर पुरुषांच्या. एवढ्यावरून कितीतरी वेळा समजतं की ‘नर्सचा कोट’ म्हणून विकतायत तो एखाद्या बारक्या शिपायाचा कोट आहे. बटणं उजवीकडून डावीकडे आहेत का उलटी तेही बघा, बायकांच्या कोटाची उजवी बाजू वर येते.

सिव्हिलियन पद्धतीची लेबलं पण कामाची असतात. कपड्यात कुठला धागा किती टक्के हे अमेरिकेत बहुतेक सगळ्या कपड्यांवर लिहिणं १९६० मध्ये बंधनकारक झालं, लोकरीला त्याच्या आधी, १९४१ पासून. कसं धुवायचं ही सूचना शिवून लावणं १९७२ मध्ये. म्हणजे पांढऱ्या ड्रेसच्या आत धुण्याच्या सूचनेचं कायमचं लेबल मूळ शिवणीत असेल तर तो कोरिया युद्धातला असणं शक्यच नाही, मग विकणारा काहीही म्हणो.

ब्रिटिश सरकारी मालावर ब्रॉड अॅरो, म्हणजे कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण, आणि बहुतेकदा सोबत वर्ष. पण ब्रिटिश सिस्टर्सचे बरेचसे बाहेर घालायचे कपडे टेलरकडे शिवलेले असायचे, तिथे ब्रॉड अॅरो मिळणार नाही, आतल्या खिशात टेलरचं लेबल शोधा, त्यावर शाईने नाव आणि तारीख लिहिलेली सापडते. तसं लेबल मिळालं तर बरंचसं काम झालं.

कापड, चेन, धागा

नायलॉन बाजारात आला १९४० च्या आसपास आणि युद्धात सगळा पॅराशूटकडे वळवला गेला, त्यामुळे युद्धकाळातला नर्सचा ड्रेस नायलॉनचा असेल असं समजू नका. पॉलिएस्टर, म्हणजे अमेरिकेत डॅक्रॉन आणि ब्रिटनमध्ये टेरिलीन, कपड्यांमध्ये १९५० च्या दशकात आला. पांढरा वॉर्ड ड्रेस हाताला गुळगुळीत लागतोय, घडी पडत नाहीये, इस्त्रीशिवाय छान दिसतोय, तर तो १९५० नंतरचाच. खरा १९४० चा पांढरा ड्रेस जाड कॉटनचा असतो, स्टार्च करून करून कडक झालेला, आणि त्याची बटणं बऱ्याचदा काढता येणारी असतात, मागे रिंग लावून अडकवलेली, कारण लाँड्रीत गरम रोलरखाली बटणं फुटायची. कॉलर-कफ पण सुटे असायचे. ही सुटी बटणं हरवतात आणि मग लोक कुठलीही लावतात, त्यामुळे बटणावरून साल काढताना जपून.

चेन म्हणजे झिप धातूची असेल तर १९६० च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त, नायलॉनच्या कॉइलची असेल तर १९६० च्या दशकापासून पुढचं. वेल्क्रो असेल तर हसून सोडून द्या. शिवणीच्या कडा बघा, आत ओव्हरलॉक केलेलं असेल तर त्यावरून एकट्याने काही सिद्ध होत नाही पण संशय घ्यायला जागा आहे, जुन्या सरकारी कपड्यात कडा दुमडून शिवलेल्या किंवा फीत लावून बांधलेल्या जास्त दिसतात.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चची टेस्ट सगळे करतात. युद्धानंतर साबणात आणि कापडात ऑप्टिकल ब्राइटनर यायला लागले, ते अंधारात टॉर्चखाली निळसर पांढरे चमकतात, जुनं कॉटन चमकत नाही. पण एखाद्या आजीने १९४४ चा ड्रेस नंतर कधीतरी आजच्या पावडरने धुतला असेल तर तो पण चमकतो. म्हणून मी पूर्ण कपडा बघत नाही, धागा आणि बिल्ल्याची भरतकाम केलेली कड बघते, आणि कपडा एका रंगाने चमकतोय पण फक्त शिवणीचा धागा वेगळा पेटतोय असं दिसलं तर तो धागा नंतरचा. उलट बाजूने ही टेस्ट चालत नाही, चमकत नाही म्हणजे जुना असं नाही. आणि कृपा करून तपासायच्या आधी कपडा धुऊ नका, धुतलात की लाँड्री मार्क, डाग, टॉर्च टेस्ट सगळंच गेलं.

अमेरिकन आर्मी

आर्मी नर्स कोअर स्थापन झाला २ फेब्रुवारी १९०१ ला. पहिल्या महायुद्धात या नर्सना कुठलाही रँक नव्हता, तो ‘रिलेटिव्ह रँक’ म्हणून, म्हणजे पूर्ण कमिशनशिवाय, १९२० मध्ये मिळाला, म्हणून १९१८ चा म्हणून दाखवलेल्या निळ्या जॅकेटच्या खांद्यावर लेफ्टनंटची पट्टी असेल तर कुठेतरी गडबड आहे. त्या काळातल्या जॅकेटच्या कॉलरवर यूएस ही अक्षरं आणि कॅड्युसिअस, म्हणजे दोन साप विळखा घातलेला पंखांचा दंड, त्यावर एएनसी ही तीन अक्षरं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती तीन अक्षरं जाऊन नुसतं एन राहिलं. हा एक फरक डोक्यात ठेवलात तरी अर्धं काम होतं. कॅड्युसिअसवर दुसरं अक्षर असेल तर नर्स नाही, डी म्हणजे डेंटल, व्ही म्हणजे व्हेटर्नरी, आणि कॉलरवर हेल्मेट घातलेल्या बाईचं डोकं असेल तर ती पॅलस अथीना, ते विमेन्स आर्मी कोअरचं, म्हणजे वॅकचं चिन्ह. नर्स आणि वॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, १९४३ नंतर दोघींचे ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवट-तपकिरी सूट इतके सारखे की फक्त कॉलरवरूनच फरक कळतो, आणि नेमके कॉलरवरचे बिल्लेच सुटे असतात.

बाहीवरची सोनेरी फीत पण बोलते. पहिल्या महायुद्धात परदेशातल्या दर सहा महिन्यांना डाव्या बाहीवर खाली एक सोनेरी व्ही, दुसऱ्या महायुद्धात त्याच सहा महिन्यांना आडवी छोटी पट्टी. पट्ट्या मोजा, सहाने गुणा, परदेशात किमान किती महिने होती ते आलं.

युद्ध सुरू झालं तेव्हा नर्सचा सर्व्हिस युनिफॉर्म निळाच होता, गडद निळं जॅकेट, त्याहून फिका निळा स्कर्ट, टोपीला आणि बाहीला मरून कड. १९४२ च्या शेवटापासून ऑलिव्ह ड्रॅब आला, पण निळा एका दिवसात गायब नाही झाला, साठा संपेपर्यंत वापरला गेला. त्यामुळे निळा सूट म्हणजे १९४२ च्या आधीचाच असं म्हणणं जरा धाडसाचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा सीअरसकरचा, म्हणजे चुरगळल्यासारख्या विणीच्या हलक्या कॉटनचा ड्रेस, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतो कारण तो फौजी दिसतच नाही, घरात घालायच्या गाऊनसारखा दिसतो. पुढून ओढून बांधायचा, इस्त्री नको, चिखलात तंबूच्या हॉस्पिटलमध्ये पांढरा स्टार्चचा ड्रेस घालून काम करणं म्हणजे वेडेपणा होता म्हणून हा काढला. त्याच कापडाचं जॅकेट आणि टोपी पण असते. जुन्या कपड्यांच्या ढिगात ‘पट्ट्यांचा हाउसकोट’ म्हणून हा पडलेला सापडतो, त्यामुळे असा कपडा दिसला की आत क्वार्टरमास्टरचं लेबल आहे का बघितल्याशिवाय ठेवू नका.

नर्सना खरा ऑफिसर कमिशन तात्पुरतं १९४४ मध्ये आणि कायमचं एप्रिल १९४७ च्या कायद्याने मिळालं. १९५१ मध्ये टोप, म्हणजे करडा-तपकिरी सूट आला, हॅटी कार्नेगीने डिझाइन केलेला, आणि १९६० च्या आसपास आर्मी ग्रीन. टोप रंगाचा सूट दुसऱ्या महायुद्धातला म्हणून विकतात, तो नाही. पुरुष नर्स आर्मी नर्स कोअरमध्ये १९५५ पासून, म्हणजे पुरुषी कटचा कोट आणि त्यावर एन असेल तर सालाची खालची हद्द तिथेच ठरली. व्हिएतनामच्या नर्सचे हिरवे फटिग, म्हणजे कामाचे कपडे, पुरुषांसारखेच, तिथे नावाची पट्टी आणि नंबरच काय ते सांगतील, आधी नावाची पट्टी पांढरी आणि यूएस आर्मीची पट्टी सोनेरी अक्षरांची, १९६० च्या दशकाच्या शेवटाकडे त्या मळकट हिरव्या-काळ्या झाल्या.

फ्लाइट नर्सचे विंग्ज, म्हणजे विमानातून जखमी नेणाऱ्या नर्सचा पंखांचा बिल्ला, हा वेगळाच धोका. केंटकीतल्या बोमन फील्डवरून पहिली तुकडी १८ फेब्रुवारी १९४३ ला बाहेर पडली, सुरुवातीचे विंग्ज सोनेरी, नंतर चंदेरी. हे इतके महाग विकले जातात की नकलांचा सुळसुळाट आहे. मागे एक आकडा आणि एक अक्षर असा मेकर कोड असेल तर तो युद्धानंतरचा, युद्धकाळात बऱ्याच वेळा स्टर्लिंग हा शब्द आणि कंपनीचं नाव असायचं. कडा धारदार नसतील, बारीक काम साबणासारखं बुळबुळीत दिसत असेल, तर साच्यात ओतलेली नक्कल.

नेव्ही नर्स कोअर १९०८ चा. जुना बिल्ला म्हणजे नांगर, त्यावर ओकचं पान, एकॉर्न आणि एनएनसी अक्षरं, कमिशन मिळाल्यानंतर युद्ध संपता संपता तो बंद झाला. निळ्या सूटच्या बाहीवरच्या पट्ट्या सोनेरी असतील तर नर्स, फिक्या निळ्या असतील तर ती वेव्हज, म्हणजे नेव्हीतल्या बायकांच्या वेगळ्या शाखेची ऑफिसर, नर्स नाही. वॉर्डच्या पांढऱ्या कॅपवर पण सोनेरी रेघांनी रँक दाखवायचे. एअर फोर्स नर्स कोअर १ जुलै १९४९ चा, त्यामुळे एअर फोर्सच्या निळ्या रंगाचा आणि चंदेरी बटणांचा नर्सचा सूट युद्धकाळातला असू शकत नाही.

ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ

इथे आधी खांद्यावरचा छोटा केप बघायचा, त्याला टिपेट म्हणतात. क्वीन अॅलेक्झांड्राज इम्पिरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, १९०२ ची, तिच्या रेग्युलर सिस्टर्सचा राखाडी ड्रेस आणि पूर्ण लाल टिपेट. रिझर्व्हवाल्यांचा टिपेट राखाडी आणि त्याला लाल काठ. टेरिटोरियल फोर्स नर्सिंग सर्व्हिस, १९०८ ची, ड्रेस आणि टिपेट निळसर राखाडी, लाल काठ, आणि टिपेटच्या टोकांवर टी अक्षर. नुसतं चित्र बघून रिझर्व्ह आणि टेरिटोरियलमध्ये गल्लत होतेच, म्हणून टी आणि बिल्ला दोन्ही बघा, टेरिटोरियलच्या बिल्ल्यात राणी अॅलेक्झांड्राची गुंफलेली दोन ए अक्षरं, रेग्युलरच्या बिल्ल्यात डॅनिश क्रॉस कारण राणी डेन्मार्कची, आणि रिझर्व्हच्या बिल्ल्यात आर. बिल्ला उजव्या बाजूला लावायचे. १९४१ मध्ये या सिस्टर्सना कमिशन मिळालं आणि मग खांद्यावर फौजी स्टार दिसायला लागले, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश टिपेटवर स्टार असतील तर नंतर लावलेत. पहिल्या महायुद्धात निळ्या ड्रेसवर खांद्याला दोन स्टार, पितळी बटणांच्या दोन रांगा आणि डोक्यावर पांढऱ्या कापडाचा व्हेल (veil) असं मिळालं तर ते कॅनडाचं, त्यांच्या नर्सिंग सिस्टर्सना तेव्हाच लेफ्टनंटचा रँक होता, लोक त्यांना ब्लूबर्ड म्हणायचे. राखाडी ड्रेस, लाल केप आणि उगवत्या सूर्याचा चंदेरी बिल्ला असेल तर ऑस्ट्रेलिया.

मुकुट हे ब्रिटिश वस्तूंचं सगळ्यात सोपं घड्याळ. १९०१ नंतर १९५२ पर्यंत ट्यूडर मुकुट, त्याच्या कमानी वर गोल फुगलेल्या, आणि १९५३ पासून सेंट एडवर्डचा मुकुट, कमानी मध्यभागी खाली दबलेल्या. बटण, बिल्ला, सगळीकडे बघा. १ फेब्रुवारी १९४९ ला सर्व्हिसची कोअर झाली, क्वीन अॅलेक्झांड्राज रॉयल आर्मी नर्सिंग कोअर, म्हणजे कोअरचं नाव आणि ट्यूडर मुकुट असं एकत्र जुन्या वस्तूवर मिळालं तर १९४९ ते साधारण १९५३, एवढाच काळ. २०२२ नंतर राजा चार्ल्सने पुन्हा ट्यूडर मुकुट आणला आहे, त्यामुळे अगदी नवीन चकचकीत बटण असेल तर फसू नका. हलकं, न काळवंडणारं, सोनेरी अॅल्युमिनियमचं बटण १९५० च्या दशकापासूनचं. रॉयल एअर फोर्सची नर्सिंग सर्व्हिस १९१८ ची, प्रिन्सेस मेरीचं नाव १९२३ मध्ये जोडलं गेलं, नावात प्रिन्सेस मेरी असेल तर त्याच्या आधीचं नाही.

आपल्याकडच्या वस्तूंना पण हाच मुकुटाचा नियम लागू आहे. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमस्वरूपी झाली १ ऑक्टोबर १९२६ ला, १९४३ च्या वटहुकुमाने तिला आजचं रूप मिळालं, आणि २६ जानेवारी १९५० नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एकाच ट्युनिकवर एका खांद्यावर मुकुट आणि दुसऱ्या खांद्यावर सिंह असं कधी दिसलं तर कुणीतरी दोन कपड्यांचं सामान एकत्र केलंय.

जुळवाजुळव पकडायची कशी

खऱ्या कपड्यावर खोटे बिल्ले, ही सगळ्यात कॉमन गोष्ट, पूर्ण खोटा युनिफॉर्म त्यामानाने कमी. बिल्ला काढता येत असेल तर काढा आणि खालचं कापड बघा. वर्षानुवर्षं लावलेला बिल्ला खाली गडद ठसा ठेवतो, कापड दबलेलं असतं, भोकांच्या कडा गंजाने किंवा हिरव्या डागाने रंगलेल्या असतात. ताजी, स्वच्छ, गोल भोकं म्हणजे अलीकडचं काम. एक बिल्ला काढला आणि खाली वेगळ्याच आकाराचा ठसा दिसला तर मूळ तिथे दुसरं काहीतरी होतं. कापडी बिल्ल्याच्या कडेला जाड गोल शिलाई असेल तर ती बहुतेक १९६० च्या दशकापासूनची पद्धत, दुसऱ्या महायुद्धातल्या बिल्ल्याची कड सपाट कापलेली असते. कॉलरवरचे धातूचे बिल्ले मागून स्क्रूचे असतील तर जुने, पहिल्या महायुद्धाच्या काळातले असू शकतात, पिन किंवा दोन खिळ्यांचे क्लच दुसऱ्या महायुद्धात.

आणि सिनेमा-नाटकाचे कपडे. हे बेमालूम असतात कारण बनवणारे अभ्यास करतात. आत कॉश्च्युम कंपनीचं लेबल किंवा शाईचा नंबर, नटीचं नाव, कमरेत दोन-तीन वेळा सैल-घट्ट केल्याच्या खुणा, आणि बटणांच्या मागे गुपचूप लावलेले प्रेस बटण. पटकन कपडे बदलायला ते लागतात, हॉस्पिटलमध्ये नाही.

नाव सापडलं तर

कॉलरच्या आत किंवा कमरेत एक अक्षर आणि चार आकडे असा शिक्का असेल तर तो अमेरिकन लाँड्री मार्क, आडनावाचं पहिलं अक्षर आणि सर्व्हिस नंबरचे शेवटचे चार आकडे. पूर्ण नंबर मिळाला आणि त्याच्या पुढे एन असेल तर आर्मी नर्स कोअर, एल असेल तर वॅक ऑफिसर, ए असेल तर वॅकची साधी सैनिक. केपवरून जे कळत नाही ते इथे एका अक्षरात कळतं. ब्रिटिश कपड्यात विणलेल्या नावाच्या फिती शिवलेल्या असतात.

मग कागद शोधा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश मिलिटरी नर्सच्या फायली लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ३९९ या मालिकेत आहेत, नावाने शोधता येतात, आणि व्हीएडी बायकांची कार्डं ब्रिटिश रेडक्रॉसने ऑनलाइन टाकली आहेत. अमेरिकेचं तसं नाही, सेंट लुइसला १२ जुलै १९७३ ला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० मधल्या आर्मीच्या बहुतेक फायली जळाल्या, म्हणून तिथे फाइल मिळाली नाही याचा अर्थ बाई आर्मीत नव्हती असा काढू नका, नेव्हीच्या फायली त्या आगीतून वाचल्या. नोंद लिहिताना साल एकच आकडा टाकू नका, खालची हद्द आणि वरची हद्द लिहा आणि प्रत्येकाच्या पुढे ती कशावरून काढली तेही, लेबल, मुकुट, धागा, जे असेल ते. आणि कपडा घडी न करता, खांद्यांना मऊ कागद भरून, अॅसिड नसलेल्या कागदात ठेवा, आणि धातूचे बिल्ले काढून वेगळे ठेवायचे ठरवलंत तर आधी कुठला बिल्ला कुठे होता त्याचा फोटो काढून मगच.